ढगताईचा मुका दिवस

ढगताईनं सारी नोकरी ढगांवर काढली, आणि तिच्या खोलीला खिडकी नव्हती. आहे की नाही गंमत! हवामान संशोधन संस्थेचं तळघर ते. भिंतीपलीकडं मोठ्या संगणकाची कपाटं अखंड घुमायची, त्यांना गारवा लागायचा, म्हणून भर उन्हाळ्यातही ताईच्या अंगावर लोकरीचा स्वेटर. बाहेर आभाळ भरून आलंय की फटफटीत ऊन पडलंय, हे तिला कळायचं ते जिना उतरून येणाऱ्यांच्या छत्र्यांवरून.

नाव तिला होतं, चांगलं हौसेनं ठेवलेलं. पण ते पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं. त्या तळघरात सगळेच कामाच्या नावानं ओळखले जायचे. त्यांचा उद्योगच असा, की अख्खी पृथ्वी संगणकात बसवायची. पृथ्वीभोवतीच्या हवेचे खोके पाडायचे, एकावर एक रचायचे, आणि प्रत्येक खोक्यात वाऱ्याचं, उबेचं, ओलीचं गणित घालायचं. मग संगणकानं अर्ध्या-अर्ध्या तासाचं एकेक पाऊल टाकत शंभर वर्षं चालत जायचं, म्हणजे नातवंडांच्या वेळी किती उकडणार याचा अंदाज लागतो. या पृथ्वीला ते मॉडेल म्हणत. त्यात ज्याच्याकडं समुद्र तो समुद्रभाऊ, हवेतल्या धुळीचा हिशेब ठेवणारी ती धूळबाई. आणि ढग हिच्याकडं, म्हणून ही ढगताई. 'समुद्र आज दाढ काढायला गेलाय' असं कुणी बोललं की नवा माणूस बावचळून जायचा.

आता ढगासारखं खट्याळ पोर दुसरं नाही. मॉडेलचा खोका जिल्ह्याएवढा आणि ढग गावाएवढा. मोठ्या भोकांच्या जाळ्यातून बारीक मासळी निसटावी तसा तो निसटतो. म्हणून त्याचे नियम लिहावे लागतात. खोक्याचा किती भाग ढगानं झाकला, किती ऊन माघारी गेलं, थेंब केवढा झाला की भुरभुर सुरू होते. हे नियम ताईनं लिहिले. एकट्या भुरभुरीवर चार वर्षं घालवली. तेवढ्यात तिची लेक चालायला, बोलायला आणि उलट उत्तरं द्यायलाही शिकली.

हे वेड लहानपणचं. तिची शाळा डोंगराच्या उतारावर होती. थंडीच्या दिवसांत ढग सरळ वर्गात शिरायचा. मास्तर ओरडायचे, "खिडक्या लावा रे, वह्या भिजतील!" सगळी पोरं धावून खिडक्या लावायची. ही खिडकीशी बसायची, ती मात्र बोटभर फट ठेवायची. त्या फटीतून ढग आत यायचा आणि हिच्या मनगटावर गार बसायचा. मास्तरांनी दोनदा कान पिळला. फट काही बंद झाली नाही.

तेव्हापासून मनात एकच, ढगात जाऊन राहायचं. आणि नशिबात आलं तळघर.

सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण मॉडेलची एक रीत होती. लांबचा रन, म्हणजे ते शंभर वर्षांचं चालणं, सुरू करायच्या आधी मॉडेल गोठवायचे. एकदा गोठवलं, की त्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. नाहीतर आधीची पन्नास वर्षं एका पृथ्वीची आणि नंतरची पन्नास दुसऱ्याच पृथ्वीची, अशी गत. आणि रन संपेपर्यंत प्रत्येक भागाचा एक राखणदार जागेवर हजर पाहिजे, कारण मॉडेल मध्येच पडतं, म्हणजे गणित फिसकटून बंद होतं. ढगताई तीन रनांची राखणदार झाली. दर वेळी नवा रन आला की साहेब म्हणायचे, "ताई, एवढा एक काढा. ढग तुमच्याशिवाय कुणाचं ऐकतात का?" ताई फुशारून जायची आणि आणखी काही वर्षं अडकायची.

अशात डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत जागा निघाली. दोन वर्षं वर राहायचं आणि खऱ्या ढगाचे थेंब यंत्रात धरून मोजायचे. त्या उंचीवर पन्नाशीपुढच्यांना घेत नाहीत, आणि ताईची पन्नाशी पुढच्याच हिवाळ्यात. तिनं अर्ज केला, निवडही झाली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो दातांचा डॉक्टर, गप्पिष्ट माणूस. समोरच्याचं तोंड उघडं असलं तरी त्याला उत्तर देता येत नाही, म्हणून दिवसभर एकटाच बोलायची सवय.

"अहो, दोन वर्षं जाऊ ना?"

"जा की. तशीही तू घरात कुठं असतेस? आता निदान पत्ता तरी कळेल."

साहेबांनी मात्र अट घातली. "जायला माझी ना नाही, ताई. पण गोठवायच्या आधी ढगांना दुसरा राखणदार द्या. आणि तो मुक्या दिवसातून पार पडला पाहिजे."

हा मुका दिवस म्हणजे त्या तळघराचा खास प्रकार. पूर्वी समुद्राच्या एका राखणदारानं आपल्या जागी आलेल्याला सगळं फोनवरून सांगत सांगत निभावून नेलं, मग एक दिवस स्वतः आजारी पडला, आणि मॉडेल समुद्राच्या तळाशी जाऊन बसलं ते महिनेच्या महिने. तेव्हापासून नियम केला. तिसऱ्या कुणीतरी मॉडेलमध्ये गुपचूप एक आकडा बिघडवायचा. नव्यानं तो संध्याकाळपर्यंत हुडकायचा. जुन्यानं शेजारी खुर्ची टाकून बसायचं, पण चकार शब्द काढायचा नाही. शब्द निघाला की राखणदारी जुन्याकडंच.

ताईनं धूळबाईला तयार केलं. थेंब धुळीच्या कणावरच धरतो, तेव्हा अर्धे ढग तिला आधीच येत होते. शिवाय डोकं तल्लख आणि जीभ त्याहून.

"ताई, हा नियम असा वाकडा का लिहिलाय?"

"ढगच वाकडे आहेत, बाई."

"मला वाटलं, लिहिणारी!"

अशा थट्टेत सहा महिने गेले. ताईनं ट्रंक माळ्यावरून उतरवली, जाड मोजे घेतले. लेक म्हणाली, "आई, तू मोज्यांकडं बघून हसतेस."

मुका दिवस उजाडला. समुद्रभाऊंनी आकडा बिघडवून ठेवला होता आणि कोपऱ्यात निरागस चेहऱ्यानं चहा ढवळत होते. साहेब दाराशी. ताईनं मिठाची गुळणी धरली आणि हात मांड्यांखाली दाबून बसली.

धूळबाईनं रन सोडला. थंड समुद्रांच्या काठाशी ढगांची एक खाली पसरलेली चादर असते. पडद्यावर ती विरायला लागली. ऊन थेट पाण्यावर, पाणी तापलं, वारा पिसाळला आणि मॉडेल पडलं. ताईला पहिल्या झटक्यात कळलं. ढगाच्या माथ्यावर वरची कोरडी हवा किती शिरावी, तोच आकडा भाऊंनी वाढवला असणार. दुसरं काही असूच शकत नाही. तिनं ओठ घट्ट मिटले.

धूळबाई मात्र थेंब बघायला लागली. थेंबांची संख्या, मग थेंबांची जाडी. माथ्याकडं वळेचना. दुपार झाली. ताईचा डबा तसाच राहिला. तिच्या मनात एकच जप, माथा बघ गं, माथा बघ. भाऊंचा तिसरा चहा झाला. शेवटी धूळबाईनं भुरभुरीचा नियम उघडला, त्या चार वर्षांच्या ओळी एका झटक्यात निळ्या करून निवडल्या, आणि तिचं बोट खोडायच्या कळीवर गेलं.

"तिथं नको गं!"

पलीकडची कपाटं तेवढी घुमत राहिली. ताईनं तोंडावर हात ठेवला, पण आता ठेवून काय उपयोग?

साहेब हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही बोललात."

"एक... एकच शब्द सर, तोही चुकून..."

"तीन होते," भाऊ पुटपुटले आणि लगेच चहाच्या कपात तोंड लपवलं.

धूळबाई खुर्ची फिरवून ताईकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो ताई, कायमचं खोडणार नव्हते मी. भुरभुर नुसती बाजूला ठेवून बघणार होते, चादर तरीही विरते का ते. विरली असती, तर भुरभुरीचा दोष नाही हे ठरलं असतं, मग उरतो माथा. तिकडंच निघाले होते."

ताईनं ऐकलं. त्याहून वाईट काय असणार? पोरगी बरोबर वाटेवर होती. लांबची वाट, पण बरोबर. आणि ताईच्या वाटेवर ना साहेब आडवे आले, ना नियम. आडव्या आल्या त्या तिच्याच ओळी.

साहेब वाईट माणूस नव्हते. बोलले, "आणखी एक मुका दिवस ठेवला असता. पण परवा गोठवायचं आहे. मशीनची वेळ घेऊन झालीय." वेधशाळेची जागा रिकामी राहणार नव्हती. तिथं ढगांचं शिक्षण झालेलं माणूस हवं होतं, आणि ते आता संस्थेत दुसरं कोण होतं? धूळबाईच. धूळ तिनं आधीच दुसऱ्याकडं सोपवली होती, ढगांची राखणदारी हुकल्यामुळं ती मोकळी झाली, आणि मिळाली नाही म्हणून डोंगरावर गेली. जाताना ताईच्या गळ्यात पडून रडली. ताईनं तिला जाड मोजे दिले. "घे. तळघरात एवढे लागत नाहीत."

घरी ताई जेवलीच नाही. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, जे त्याच्याकडून क्वचितच व्हायचं.

"आमच्याकडं रोजचंच आहे," तो शेवटी म्हणाला. "दुखरा दात कुठला ते कळायला आधी चांगल्या दातांवर टकटक करावी लागते. त्या टकटकीलाच घाबरून लोक ओरडतात."

"मग तुम्ही काय करता?"

"थांबतो. ओरडून झालं, की पुन्हा टकटक करतो."

"पण मी तर पेशंट नव्हते. मी शेजारी बसलेली होते."

"हो ना. म्हणून तर पेशंटच्या बायकोला मी बाहेर बसवतो."

ताईला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. ट्रंक माळ्यावर गेली. मॉडेल गोठलं, तिच्या भुरभुरीसकट. आता रन संपेपर्यंत तिला एक ओळ हलवायची मुभा नव्हती. स्वतःच्याच ढगांची राखणदार, आणि हात लावायची बंदी. ती रोज स्वेटर घालून खाली उतरायची, आकडे बघायची, मॉडेल पडलं की उठवायची. हिवाळा आला, पन्नाशी झाली, तळघरात केक कापला. भाऊंनी मोठा तुकडा स्वतःकडं ओढला आणि कुणाला दिसणार नाही असा ताईच्या ताटलीत सरकवला.

त्यानंतर एका सकाळी डोंगरावरून फोन आला.

"ताई! ऐकू येतंय का?" धूळबाई धापा टाकत होती.

"काय ऐकू यायचंय?"

"ढग. आत आलाय, अख्ख्या खोलीत. मी फोन खिडकीशी धरलाय."

ताईनं फोन कानाशी घट्ट दाबला. ढगाला कुठला आवाज? कानात नुसती शांतता, आणि दुसऱ्या कानात कपाटांची घूं घूं. तिनं दुसरा कान हातानं झाकला.

"अगं वेडे," ती म्हणाली, "खिडकी लाव. यंत्रं भिजतील."

"हो ताई. लावते."

खिडकी सरकल्याचा खरखर आवाज आला. ताई झटकन खुर्चीतून उठली.

"सगळी नको लावू गं! बोटभर ठेव."