शिरेतली पंगत

यांच्या दंडातल्या शिरेत दुधासारखी पांढरी पिशवी थेंबथेंब रिकामी होते आहे. आतड्यात गाठ, म्हणून दोन आठवडे तोंडानं काहीच नाही. ऑपरेशन सोसण्याइतकी ताकद येईपर्यंत सगळं जेवण या नळीतून.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "यातलं त्या गाठीलाही मिळतं का हो?"

"मिळतं, आजी. यात प्रथिनांचे सुटे कण आहेत, अमिनो आम्लं. रक्तातून ती सगळीकडे जातात. गाठ त्यावर किती वाढते, ते नक्की सांगता येत नाही. पण जेवण तोडलं तर आधी आजोबाच खंगतील."

हे पडल्या पडल्या म्हणाले, "हिच्या हातात वाढायचा डाव द्या. गाठ उपाशी मरेल!"

खरंच आहे ते. नवी सून असताना मी पंक्तिप्रपंचात पटाईत होते. यांना आमटीचा तळ, नणंदेला वरचं पाणी. आणि कुणाच्या लक्षात येत नाही असं समजायची, येडी! पदर खोचून तोरा तो किती! इथे हा थेंब बघा. आपला-परका ओळखत नाही, हृदयाला वाढतो तसाच गाठीलाही. असलं निर्मळ वाढणं बघून भीती वाटते आणि हात जोडावेसेही वाटतात.

दुपारी यांची नखं कापायला बसले. चांगली वाढली होती. पोटात घास नाही, तरी त्या थेंबांतून शरीरानं गुपचूप नखं घडवली होती. एक तुकडा तळहातावर घेऊन मी बघतच राहिले. म्हणजे गाठीनं सगळंच खाल्लेलं नाही.