सरकीला शेण किती लावायचं

पुण्याच्या प्रयोगशाळेत दीड वर्ष मी एकाच कामाला भिडले होते. विषाणूचं जनुकद्रव्य जिवंत पेशींच्या आत पोचवायचं. नुसतं सोडलं तर पेशी त्याला दारात उभं करत नाहीत. म्हणून साखरेपासून बनवलेल्या एका पॉलिमरचा लेप त्याला द्यायचा. त्याचे बारीक कण होतात आणि ते पेशी आत घेतात. आज नॅनोकण वगैरे म्हणतात, सत्तरच्या आसपास आम्ही नुसतं लेप म्हणायचो. काम जमलं तर आत विषाणू तयार होतो, आसपासच्या पेशी मारतो आणि पेशींच्या थराला ठिकठिकाणी गोल भोकं पडतात. माझ्या काचेच्या बशीत मात्र पेशींचा अख्खा थर मरायचा.

माझ्या मार्गदर्शक सरांनी शेवटचं सांगितलं, "सुट्टीनंतर दोन आठवडे देतो. नाही जमलं तर विषय दुसऱ्याला."

कसा देतात बघतेच, असं मनात म्हणत मी धरणगाव गाठलं.

घरी पेरणीची तयारी चालली होती. वडील, म्हणजे आमचे नाना, अंगणात खाटेवर शेणमातीच्या काल्यात सरकी चोळत होते. सरकीला कापसाची लव असते, त्यामुळे बिया एकमेकींना चिकटतात. काला लावून घासलं की लव बसते आणि बी नळीतून सुटं पडतं. मी पदर खोचून बसले. बियाण्याला हात आखडता घ्यायचा नाही, हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही. मी ओंजळभर काला ओतला.

नानांनी मनगट धरलं. "इतलं कसाले? बी कुजी जाई. लव बसनी म्हंजे झायं."

मी शेणाचे हात तसेच धरून बसले. पुण्यातही मी हेच करत होते की! जनुकद्रव्य उघडं राहू नये म्हणून सढळ हाताने लेप चढवायचा, आणि उरलेला लेपच पेशींना मारत असणार. जनुकद्रव्य न घालता नुसत्या लेपाची बशी मी एकदाही ठेवली नव्हती. लेपावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही. स्वतःचाच असा संताप आला की जेवण गेलं नाही.

सुट्टी संपायच्या आधीच परतले. लेप निम्मा केला, मग निम्म्याचा निम्मा, असं खाली उतरत गेले. शेजारी दर वेळी नुसत्या लेपाची बशी. पुढे लेप इतका उतरला की काहीच घडेना. पुन्हा थोडा वाढवला. मुदतीला दोन दिवस उरले असताना एका बशीत चार भोकं दिसली, आणि भोवतालचा थर जिवंत होता.

सरांनी बशी उजेडात धरली. भोकं एकेक करून मोजली. मग म्हणाले, "विषय तुमचाच. लेप कमी करायचं कोणी सुचवलं?"

"नानांनी."

"कुठल्या संस्थेत असतात?"

"धरणगावला शेती करतात."

प्रबंधाच्या आभारात मी नानांचं शेण आणि सरकी सरळ लिहून टाकली. सरांनी ती ओळ तीनदा खोडली. मी चौथ्यांदा टंकून घेतली.