तांदळातला फोन

गेल्या पावसाळ्यात कॉलेजचा पदोन्नतीचा फॉर्म भरायला बसले आणि तिसऱ्याच रकान्यात अडकले. ‘आपल्या लेखनाचा इतर संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिला?’ या संदर्भांना आमच्यात सायटेशन म्हणतात. माणसाची किंमत हल्ली त्यावरच ठरते.

माझा विषय डिजिटल माध्यमांचं मानववंशशास्त्र. नाव ऐकूनच लोक बिचकतात, पण काम साधं आहे. लोकांच्या घरी जाऊन बसायचं, ते मोबाइलचं काय काय करतात ते बघायचं, त्यांच्याशी बोलायचं. बारा वर्षं मी शहापूर-मुरबाडच्या गावांत हेच केलं. लिहिता न येणाऱ्या बायका आवाजी निरोपांवर संसार कसा चालवतात, यावर तीन वर्षं खपून एक लेख लिहिला. म्हशाच्या जत्रेत गुरांच्या दावणीशी दिवसदिवस उभी राहून, बैल फोनवर दाखवून सौदे कसे जुळतात ते लिहिलं. पहिल्या लेखाला सायटेशन दोन, त्यातलं एक माझंच. दुसऱ्याला शून्य.

आणि शेणव्याच्या लेखाला एकेचाळीस!

तो मी आठवडाभरात खरडला होता. शेणव्याला एका मावशींच्या घरी गेले, तर देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी तांदळानं भरलेलं पातेलं, आणि त्यात मोबाइल रोवलेला. मी फोटो काढला, चहा घेतला, घरी आले आणि लिहून टाकलं की भातावर जगणाऱ्या या घरानं फोनला देवांत घेतलंय, नव्या दैवताला तांदळाचं आसन दिलंय. विद्वानांना हे फारच आवडलं. परदेशात कुणी त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं. परिसंवादांत माझी ओळखच ‘तांदळातल्या फोनवाल्या मॅडम’ अशी व्हायला लागली. मी हरखले होते, खोटं कशाला सांगू.

फॉर्मला त्या घराचं संमतीपत्र जोडायचं होतं. माझं कुठं गेलं कोण जाणे. नवीन घ्यावं म्हणून ऐन भातलावणीत वाशिंदहून शेणव्याला गेले. मावशी नुकत्याच शेतावरून आलेल्या, पोटरीपर्यंत चिखल. देव्हाऱ्याकडे बघते तर फोन पुन्हा तांदळात! मला भरूनच आलं.

“आजही पूजा केलीत?” मी विचारलं.

“कसली पूजा? आवणी करताना कमरेचा सुटून चिखलात पडला. तांदूळ पाणी ओढतात ना.”

“आणि मी फोटो काढला तेव्हा?”

“तवापण पडलाच व्हता.”

“मग देव्हाऱ्यात कशाला ठेवलात?”

“खाली ठेवला का कोंबड्या तांदूळ टिपतात.”

एकेचाळीस विद्वान, आणि कारण काय, तर कोंबड्या! राग आधी मावशींचाच आला.

“मला तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तुमी ईचारलं कुठं? फोटू काढलात न गेलात.” एवढं बोलून त्या चहा ठेवायला उठल्या. मी निघताना म्हणाल्या, “फोन सुकला का सांगते तुमाला.”

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, समिती सायटेशन मोजते. कोंबड्या नाही मोजत. गुपचूप फॉर्म द्या. ही संधी गेली तर पुढची कधी, मलाही माहीत नाही.”

चार दिवस मी नुसती धुमसत होते. फॉर्मवर चिडले. शेणव्याचा रस्ता कधी न पाहता माझी री ओढणाऱ्या त्या एकेचाळीस जणांवर चिडले. हसू दाबत भाजी चिरणाऱ्या नवऱ्यावर चिडले. सगळ्यात जास्त स्वतःवर. लोकांशी बोलणं हाच माझा धंदा, आणि एका घरात एक साधा प्रश्न विचारायचा राहिला. कौतुक झालं ते नेमकं त्याच घराचं.

शेवटी त्या नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली आणि फॉर्मवरचा शेणव्याचा लेख खोडला. रकान्यात उरले दोन. ‘स्वतःचे संदर्भ वगळावेत’ असं खाली बारीक अक्षरांत होतं, म्हणून एक. विभागप्रमुखांनी फॉर्म पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तो ढिगाच्या तळाशी सरकवला.

मी स्टाफरूममध्ये येऊन बसले. रडायला येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती. तेवढ्यात मोबाइलवर मावशींचा आवाजी निरोप आला. मागे कोंबड्यांचा कलकलाट चालला होता.

“म्याडम, सुकला फोन. आज मी घरीच हाय. या, आन ईचारा काय ईचारायचं ते.”