रेड्याच्या छातीचा गेरू

काल कुंडीला गेरू लावताना तो वास आला आणि आरेतलं कुरण आठवलं. म्हशींच्या कळपातला रेडा दिवसभर सावलीत पडून असायचा. मालक वैतागले होते. "अरे पोरा, हा नुसता खातो ना, एकाही म्हशीकडे फिरकत नाही! उद्याच देवनारच्या कत्तलखान्यात पाठवतो." मी नवा पशुवैद्य, घराण्यातला पहिला पदवीधर. म्हटलं, "काका, उन्हाळ्यात म्हशी रात्रीच माजावर येतात. एक रात्र थांबा." रेड्याच्या छातीला मी तेलात कालवलेला गेरू फासला. "कॉलेजात रंगारीकाम शिकलास काय रे?" मालक हसले. सकाळी तीन म्हशींच्या पाठी लाल! रात्रीत रेडा त्यांच्यावर चढला होता. रेडा राहिला. तीन महिन्यांनी तपासलं, तर त्यातल्या दोघी गाभण. मालक म्हणाले, "डॉक्टर, चहा घ्या." काल गेरूचे हात मी जरा उशिराच धुतले.