एक वीत शिवण

मालती गेली त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत नावेचं कापड शिवत होतो. ती नावेत बसून आतून दाभण टोचायची, मी बाहेरून पकडीनं दोरा ओढायचो. टोकाला एक वीत शिवण राहिली तेव्हा ती उठली. "राहू द्या, सकाय करसूत. चहा ठेवस," म्हणाली. चहा उतू गेल्याचा वास आला, हाक मारली तर ओ नाही, म्हणून आत गेलो... गॅसच्या ओट्याखाली पडली होती. डॉक्टर आले तेव्हा संपलं होतं.

याला आता महिना झाला. लेक म्हणते, आबा, मायबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला. झालं तेवढं लिहितो.

आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठी. पलीकडं मालतीचं माहेर. लहानपणी ती म्हशीचं शेपूट धरून नदी पार करायची. लग्नानंतर पुलावरूनच जाणंयेणं. तिनं जन्मात माझ्याकडं एकच हट्ट धरला, धरणाचं आवर्तन सुटलं, नदीला पाणी आलं की एकदा पाण्यावरून माहेरी जायचं. मी दर वर्षी पुढं ढकललं. लेक संगीता धुळ्याला नर्स आहे. तिनं मोबाइलवर दाखवलं, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करायचा, त्यावर कापड ताणून रंग द्यायचा, झाली नाव. मी म्हटलं, टोपलीत बसून माहेरी जाशी का? पण बांबू बांधावरच होता. दर रविवारी संगीता यायची. मी कामट्या तासायचो, ती उकळतं पाणी ओतायची, मालती वाकवून बांधायची.

कापड मालतीकडं. अर्ध्या गावात तिच्या हातच्या वाकया आहेत, म्हणजे गोधड्या. कापड फक्त वरच्या काठाला शिवायचं होतं. हिनं मजबुतीसाठी दोन पदर घेतले आणि वाकयसारखे सगळीकडून धावदोरे घातले! वर रंग दिला. शेततळ्यात सोडली तर भोकाभोकातून पाणी आत. गाव बघायला जमलेलं. मी बोललो, "हाई नाव शे का चाळणी?" सगळे हसले, तीही हसली. मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक झाली असं म्हणायची मला सवय नाही. पारोळ्याहून नवीन कापड आणलं, तिच्यापुढं टाकलं आणि म्हटलं, "माप घे."

माप घेताना म्हणाली, "शेवटे घास लावसू." वाकयच्या कोपऱ्याला तिकोनी तुकडा लावतात, त्याला घास म्हणतात. मालती त्यात भाकरीचा कण ठेवून शिवायची. मी हसलो. "लाकूडले भूक लागस का वं?"

"तुम्हले लागस ना? मंग तिले उपाशीच पाण्यामा सोडानी का?"

"आनी भोक पडनं म्हंजे?"

"वरना काठले लावसू. आते कळस माले." संगीता एवढी हसली की हातातलं पाणी सांडलं.

नाव अजून पडवीत आहे. आवर्तन सुटलं की संगीता आणि मी मालतीचं लुगडं घेऊन पलीकडं जाणार, तिच्या भावाकडं. त्या पहिल्या चाळणीचं कापड मी अंथरायला घेतो. उबदार आहे.

अग्नी दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बसायला यायच्या आधी मी पडवीत गेलो. सुतक होतं, पण तिनं सकाळी करू म्हटलं होतं. संगीताला नावेत बसवलं. ती टोचायची, मी ओढायचो. वीतभर शिवण झाली. मालतीच्या पिशवीत हिरव्या लुगड्याचा तिकोनी तुकडा कापून ठेवलेला सापडला. घरात चूल बंद, भाकरी नव्हती. शेजारणीनं आमच्यासाठी आणून ठेवलेल्या भाकरीचा कण मोडून घेतला, आत ठेवला, घास वरच्या काठाला शिवला. वाकडा बसला. संगीता म्हणाली, "आबा, मायनी उसवी टाकं असतं."

मी म्हटलं, "उसवू दे. कुठं शे ती?" आणि दोरा दातानं तोडला.