कॅसेटवरची रहमूना

अलीकडे आमच्या ओरान शहरात इथल्या राय संगीताचा इतिहास लिहिणारी मंडळी फार येतात. बासरी जाऊन ट्रम्पेट कधी आलं, तालाला यंत्र पहिल्यांदा कुणी बसवलं, म्हाताऱ्या ‘शेख’ गवयांना वाकुल्या दाखवत आम्ही पोरापोरींनी नावाआधी ‘शेब’ आणि ‘शेबा’, म्हणजे तरणा आणि तरणी, असं कधीपासून लावलं, रेडिओवर आम्हाला दारातही उभं न करणाऱ्या सरकारने पंच्याऐंशी साली मंच कसा दिला. मला सगळं पाठ आहे, मी सांगते. शेवटी म्हणते, आता रहमूनाचं लिहून घ्या. “ती काय गायची?” काही नाही, तिला गाता येत नव्हतं. झालं, वह्या मिटतात. मिटू देत. लिहिता मलाही येतं.

रहमूनाचं मदीना जदीदा मोहल्ल्यात बायकांचं पार्लर होतं. अर्धं ओरान तिच्या हातून नटून बोहल्यावर चढलं. आईबाप लहानपणीच गेलेले, डोळे टपोरे आणि तोंड फाटकं. ती गुणगुणायला लागली की गिऱ्हाईक ओल्या केसांनी उठून जाईल असा गळा. मी तेव्हा बावीस वर्षांची. लग्नघरी बायकांच्या ताफ्यात गायचे, बायकांसमोरच. तेवढी मुभा बाबांनी दिली होती. बाबा म्हणजे हाज मिलूद, बंदरावरचे मुकादम. त्यांनी बजावलं होतं, “लेकीचा आवाज पुरुषांच्या कानावर गेला, तर त्याच आठवड्यात तिकडे रेलिझानला राहणाऱ्या चुलतभावाशी निकाह. मग मेंढरांना गाणी म्हण.”

आणि मी चोरून कॅसेट केली. कॅसेटी काढून विकणाऱ्या लखदरच्या दुकानामागच्या खोलीत, दाराला घोंगडी लावून, दोन दुपारांत. नाव घेतलं शेबा यमना. सोबतीला रहमूना होतीच. गाणी झाल्यावर लखदर म्हणाला, “आता कव्हरवर लावायला फोटो दे.”

“फोटो नको. एखाद्या तळ्याचं चित्र लावा.”

“गेल्या महिन्यात तळं लावलं. त्याआधी फुलं लावली. लोक विचारतात, बाई मेली का?”

“माझा लावा,” रहमूना म्हणाली. “एवढा चेहरा दिलाय देवाने, नुसता वाया चाललाय.”

“अगं, आणि मोख्तार?” मी विचारलं. बस चालवणाऱ्या मोख्तारशी तिचं लग्न ठरलं होतं, बोटात अंगठी होती.

“त्याला मी बघून घेते. तू गा.”

कॅसेट निघाली आणि वाऱ्यासारखी गेली. टॅक्सीत तीच, कॉफीहाउसात तीच. पोरं पार्लरसमोर घिरट्या घालायला लागली. नवऱ्या मुलींच्या आयांनी दुसरं पार्लर धरलं. एका सकाळी मोख्तारची आई खदूजबाई आली. वाईट नव्हती बिचारी, पण चार लोकांत राहायचं होतं तिला.

“गल्लीतले रिकामटेकडे माझ्या होणाऱ्या सुनेच्या गळ्यावर माना डोलावतात. मोख्तार म्हणतो, हा आवाज तुझा नाही. तेवढं तू चारचौघांत सांग, लग्न ठरल्याप्रमाणे होईल.”

“मग कुणाचा, ते विचाराल.”

“विचारणारच ना गं.”

“मग माझाच आहे,” रहमूना म्हणाली आणि तिने अंगठी काढून खदूजबाईच्या तळहातावर ठेवली.

मी तिथेच होते, हातात ड्रायर धरून. एक वाक्य बोलले असते तर तिचं लग्न वाचलं असतं. मी ड्रायरची वायर गुंडाळत राहिले. त्याची लाज मला आजही वाटते. खदूजबाई गेल्यावर मी रडायला लागले, तर म्हणते कशी, “रडून गळा बसव. म्हणजे अंगठीही गेली आणि गाणीही गेली.” पुढे मला जे काही मिळालं, ते या बाईमुळे. गळा अल्लाने दिला, गाणं रहमूनाने टिकवलं.

चार दिवसांनी दुपारी पार्लरच्या पडद्याबाहेर खाकरल्याचा आवाज आला. आत बायका होत्या, पुरुषमाणूस आत येणार नव्हता. आवाज बाबांचा होता. मी भिंतीला चिकटले.

“रहमूना, बंदरावर एक कॅसेट वाजते. तिच्यावर तुझा फोटो आहे. आवाज तुझा का?”

“माझाच, मिलूदकाका.”

“मग दोन ओळी म्हण.”

मेंदी लावलेल्या तीन बायका तिच्याकडे बघत राहिल्या. रहमूनाने ओढणीने तोंड पुसलं आणि गायला लागली. खरंच गायली. एकही सूर जागेवर नव्हता. एक पोरगी फिसकन हसली, तरी ती थांबेना. कान लाल झालेले, डोळे मिटलेले, माझं गाणं आपल्या फाटक्या गळ्यात घेऊन ती गातच राहिली. मला ते सोसवेना. दुसरी ओळ मी उचलली आणि कडवं संपेपर्यंत गायले.

पडद्याबाहेर बाबांच्या चपला निघून गेल्याचं ऐकू आलं.

“झालं,” मी म्हणाले. “आता रेलिझान.”

“मेंढरं नशीबवान,” रहमूना म्हणाली. घरी जायचा मला धीर होईना. गिऱ्हाइकं गेली, आम्ही दोघी खुर्च्यांवर नुसत्या बसून राहिलो.

उन्हं उतरायच्या सुमारास खदूजबाई धापा टाकत आली. काही न बोलता तिने रहमूनाचा हात ओढला आणि अंगठी बोटात सरकवली. मग माझ्याकडे वळली.

“तुझा बाप आमच्या गल्लीत आला होता. कॉफीहाउस गच्च भरलेलं, माझा मोख्तारही तिथेच. मधोमध उभा राहून म्हणाला, ‘कॅसेटवर रहमूनाचा नुसता चेहरा आहे. आवाज माझ्या लेकीचा आहे. हसायचं असेल तर मला हसा.’”

“कुणी हसलं?” रहमूनाने विचारलं.

“कुणाची छाती आहे? खुर्ची ओढून बसला, कॉफी मागवली आणि पोऱ्याला म्हणाला, ‘लाव ती कॅसेट. मी अजून पुरती ऐकलेली नाही.’”