किती चेंडूंत?

गावात कोणी धावा सांगितल्या की इनासभाऊ आधी विचारायचे, "किती चेंडूंत?" एका लग्नाच्या मांडवात नव्या जावयाने आपण मुंबईत पन्नास धावा काढल्याचं सांगितलं. इनासभाऊंनी तिथेही तेच विचारलं. जावयाला आठवेना. "मग अर्धीच गोष्ट सांगितलीत," असं म्हणून ते शांतपणे जेवायला बसले.

हल्ली याला स्ट्राइक रेट म्हणतात आणि तो टीव्हीच्या पडद्यावर आपोआप उमटतो. मी सांगतोय ते स्वातंत्र्यानंतरच्या चार-सहा वर्षांतलं. तेव्हा आमच्याकडे धावा आणि विकेटी सगळ्यांच्या तोंडी असत, चेंडू कोणी मोजत नसे. इनासभाऊ मोजत. सदऱ्याच्या एका खिशात चिंचोके भरून बसायचे आणि फलंदाज चेंडू खेळला की एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकायचे. लोक त्यांना विक्षिप्त समजत. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

अर्नाळ्याच्या अलीकडे त्यांची आणि आमची केळीची वाडी शेजारी शेजारी होती. एकदा रहाट चालू असताना त्यांनी मला हे माप समजावलं. "बैल फिरणार तेवढाच वेळ. त्या वेळात एकाने दहा वाफे भिजवले, दुसऱ्याने चार. दोघांना सारखं म्हणायचं का? फलंदाजाचं तेच. शंभर चेंडूंत किती धावा, ते बघ. जितक्या जास्त तितकं बरं. गोलंदाजाचं उलटं. एक विकेट काढायला त्याला किती चेंडू लागतात? जितके कमी तितकं बरं."

"आणि जो धावाच देत नाही तो?" मी विचारलं.

"तो चांगलाच. पण अंधार पडायच्या आत दहा जण बाद व्हायला हवेत. ते कोण करणार?"

हा प्रश्न त्यांच्या घरातलाच होता. दर वर्षी भात कापून झालं की मोकळ्या शेतात आमचा गोखिवरे गावाशी सामना होई. षटकं ठरलेली नसत, सूर्य ठरलेला असे. तो मावळेपर्यंत समोरचे सगळे बाद झाले नाहीत तर सामना अनिर्णित. तो दर वर्षी अनिर्णितच राही, कारण आमचे मुख्य गोलंदाज होते इनासभाऊंचे थोरले भाऊ, पेद्रूदादा. त्यांच्या चेंडूवर धाव निघत नसे. लोक टाळ्या वाजवत. गोखिवऱ्याचे फलंदाज नम्रपणे चेंडू अडवत आणि संध्याकाळी घरी जात.

मग इनासभाऊ कर्णधार झाले. त्या वर्षी चहाची वेळ झाली तरी गोखिवऱ्याचे दोघेच बाद झाले होते. इनासभाऊ भावाजवळ गेले. मी यष्टिरक्षक, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"दादा, चेंडू आता लक्ष्मणला दे."

"माझ्यावर धावा किती झाल्या?"

"फारशा नाहीत."

"मग?"

"विकेटीपण नाहीत, दादा."

पेद्रूदादांनी चेंडू भावाच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला आणि ते सीमेकडे चालू लागले.

लक्ष्मण अर्नाळ्याचा कोळी, आमच्याकडून खेळायचा. वेग दांडगा, नेम कधी असे कधी नसे. "मला लय मारतील, भाऊ," तो म्हणाला.

"मारू दे. मारायला गेले तरच चुकतील."

त्यांनी मारलं. कडेला बसलेली म्हातारी मंडळी माना हलवू लागली. पण मारता मारता एकाचा झेल उडाला, दुसऱ्याची यष्टी गेली, आणि सूर्य माडांच्या मागे जायच्या आत गोखिवऱ्याचा डाव आमच्या धावांच्या बराच अलीकडे आटोपला. आम्ही पहिल्यांदा जिंकलो. सगळ्यांना सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, वाटली. पेद्रूदादा तोवर घरी गेले होते.

त्यानंतर दोघं भाऊ बोलेनासे झाले. घर एक, विहीर एक. शेजारी जेवायला बसत आणि पेद्रूदादा बायकोला म्हणत, "त्याला सांग, रहाटाचा दोर तुटायला आलाय." ती सांगत नसे, कारण ते ऐकू आलेलं असे. रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, एकाच बाकावर बसत, मध्ये आई. इनासभाऊ एकदा मला म्हणाले, "माप बरोबर होतं. पण ते साऱ्या गावासमोर दादाच्या अंगाला लावायला नको होतं."

पुढच्या वर्षी संघ निवडताना त्यांनी स्वतःलाच वगळलं. आमचे सगळ्यांत भरवशाचे फलंदाज तेच. मी कारण विचारलं.

"गेल्या खेपेला चाळीस धावांना मी शंभरावर चेंडू खाल्ले. मागचे पाच जण बॅट न धरता बसून राहिले. दादाला थांबवलं, मग मी कसा खेळू? कर्णधार दादाला कर. जा, विचारून ये."

पेद्रूदादा कोयत्याला धार लावत होते.

"तो बाहेर बसतोय? कोणी सांगितलं त्याला?"

"कोणी नाही. त्यांनी आपणच ठरवलं."

त्यांनी कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली. मग म्हणाले, "मीपण नाही खेळत. गुडघा दुखतो." त्यांच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

सामना दोघांशिवाय सुरू झाला. दुपारी पेद्रूदादा धुतलेला सदरा घालून शेतावर आले. कडेला जागा भरपूर होती. ते इनासभाऊंच्या शेजारी जाऊन बसले. मग पेद्रूदादांचे ओठ हलले. इनासभाऊ उठले, आणि सामना अर्धा टाकून दोघं बांधावरून घराकडे निघाले, थोरला पुढे, धाकटा मागे.

तेवढ्यात चेंडू बॅटीची कड घेऊन आला आणि माझ्या हातून सुटला. लक्ष्मण कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "कुठं बघतोस रे?"

मी बांधाकडे बोट केलं. त्यानेही पाहिलं आणि पुन्हा गोलंदाजीला गेला.

आता दोघंही नाहीत. दादा त्या दिवशी काय म्हणाले, हे मी इनासभाऊंना पुढे कधीतरी विचारलं होतं.

"काय म्हणणार? ऊन फार आहे, घरी चल, म्हणाला."